जिन्यात बसून कॉल घ्यायला बदलापूरहून कशाला बोलावता?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितेय. ज्यांना टीम सांभाळायची नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

सातव्या मजल्याच्या जिन्यात, पँट्रीला लागून, एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कानाला हेडफोन. चार्जरची वायर दाराखालून जाऊन मायक्रोवेव्हच्या सॉकेटमध्ये. मीटिंग रूम एकही रिकामी नाही, आणि जागेवर बोलावं तर शेजारचे डोळे वटारतात. मुलगी बदलापूरची. पावणेसातला घर सोडलं, फास्टने कुर्ला, मग बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग, नऊ पाचला ऑफिसच्या दारात कार्ड स्वाइप. कॉलवर कोण? दोघं पुण्यात, एक नागपूरला, एक डोंबिवलीत घरी. आणि टीम लीड ठाण्याला, स्वतःच्या घरी. का, तर आज त्याचा 'घरचा दिवस'.

म्हणजे पोरगी सव्वादोन तास उभ्याने आली, ती जिन्यात बसून घरी बसलेल्या माणसांशी बोलायला.

नियम काय, तर आठवड्यात तीन दिवस ऑफिस, कुठले तीन ते ज्याचं त्याने ठरवा. ऐकायला किती उदार! आता गणित करा. समजा सहाही जण मुंबईतच आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने पाचातले तीन दिवस निवडतोय. एखाद्या दिवशी एक माणूस येण्याची शक्यता ६० टक्के. सहाही जण एकाच दिवशी येण्याची? ०.६ ला सहा वेळा गुणा, ४.७ टक्के येतं. कामाच्या साधारण एकवीस दिवसांत एकदा. महिन्यातून एक दिवस पूर्ण टीम भेटावी म्हणून प्रत्येकाने महिन्याला बारा-तेरा दिवस लोकलमध्ये चेपून घ्यायचं. भाडं, वेळ आणि पाठीचा कणा कर्मचाऱ्याचा, आणि हजेरीच्या डॅशबोर्डवर हिरवा रंग कंपनीचा.

दिवस टीमने मिळून ठरवायचा आणि लीडने पाळायचा, यात चर्चेला जागाच नाही. सोमवार नको, गावाहून परतणारे अर्धे झोपेत असतात. शुक्रवारी दुपारनंतर कोणी कामाचं नसतं. मंगळवार ते गुरुवार सगळ्याच टीमना हवा असतो, म्हणून सीटा आधी संपतात. तेव्हा दोन आठवडे आधी एकाच माणसाने सगळ्यांच्या सीटा शेजारी-शेजारी बुक करायच्या. ज्याने त्याने आपली केली तर एक खिडकीपाशी, एक लिफ्टपाशी, आणि मग समोरच्या रांगेतल्या माणसाला चॅटवर 'आहेस का?' विचारायचं.

आणि त्या दिवशी करायचं काय, हे आदल्या आठवड्यात लिहून ठेवा. कॉलवर जे धड होत नाही तेच. पुढच्या दोन आठवड्यांची आखणी. दोघांत अडकलेलं भांडण. नव्या पोराच्या शेजारी बसून त्याचं काम ओळीओळीने बघणं. कुणाला काही कटू सांगायचं असेल तर तेही समोर, दार लावून. स्टेटस देण्यासाठी माणसाला कुर्ल्याला उतरवायचं नाही, ते दोन ओळींत लिहून होतं. त्या दिवशी ११ ते ४ बाहेरचा एकही कॉल नाही. जिन्यातल्या त्या मुलीच्या कॅलेंडरवर आज चार होते.

बरं, मान्य आहे, समोर बसून पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट चॅटवर दोन दिवस रेंगाळते. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलांना घरून शिकणं जड जातं, हेही खरं. म्हणून तर म्हणतेय, बोलवा. पण स्वतः हजर राहून बोलवा.

(कुणीतरी पुरावा मागेलच. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉमने १,६१२ लोकांवर दोन दिवस घरून काम करण्याचा प्रयोग केला, २०२४ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, काम घसरलं नाही. हे ऐकून मत बदललेला एकही वरिष्ठ मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढे जाऊ.)

अर्धे आत, अर्धे बाहेर अशी मीटिंग हा तर छळच. टेबलाच्या मधोमध तो एक गोल माइक. लांबच्या टोकाला बसलेला बोलतो तेव्हा नागपूरच्या माणसाला एसीची घरघर ऐकू येते, मधेच 'नाही नाही, बरोबर', मग सगळे हसतात. का हसले ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. एक जरी माणूस बाहेर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून, आपापल्या जागेवरून जॉइन व्हायचं. एकाच खोलीत बसायचंच असेल तर एकाच लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर चालू, बाकीच्यांचे दोन्ही बंद. लोक माइक म्यूट करतात, स्पीकर विसरतात. मग त्या स्पीकरचा आवाज चालू माइकमध्ये शिरतो आणि कान फाटतात. बाहेरच्यांना पहिल्यांदा बोलायला द्या, शेवटी 'तुला काही ॲड करायचंय का?' विचारलं की माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. चॅट आणि वर केलेले हात बघायला एक जण नेमा, मीटिंग चालवणाऱ्याला ते दिसत नाही.

सगळ्यात घाण प्रकार पुढे. कॉल कट होतो, आणि खरा निर्णय लिफ्टपाशी होतो. लिहिलेला नाही तो निर्णय नाही, इतका साधा नियम ठेवा. काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. चार ओळी, त्याच संध्याकाळी, सगळ्यांना दिसेल अशा जागी. लिहायची पाळी फिरती ठेवा. दरवेळी टीममधल्या एकुलत्या एका मुलीलाच 'तू छान लिहितेस' म्हणून ते काम देऊ नका, कळतं आम्हाला.

इथपर्यंत टाइप करेस्तोवर राग थोडा उतरलाय, म्हणून त्या लीडबद्दलही लिहिते. तो वाईट माणूस नाही. चांगला काम करायचा म्हणून त्याला लीड केला, माणसं कशी सांभाळायची हे कुणीही शिकवलं नाही. वरून दर सोमवारी स्वाइपचा आकडा येतो, कामाचा येत नाही. मग तो हिरवा ठिपका बघत बसतो आणि 'ऑनलाइन दिसत नाहीस' असे मेसेज टाकतो. त्याला एवढंच सांगणं: दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास बोल. रद्द करू नकोस, हवं तर पुढे ढकल. त्या अर्ध्या तासात स्टेटस विचारायचं नाही. कुठे अडकलंय, माझ्याकडून काय हवंय, पुढच्या आठवड्यात घरी काही आहे का, बस. कॅमेऱ्याचा हट्ट नको. वन आरकेमध्ये मागे कुकर, वाळत घातलेले कपडे आणि सासरे असतात.

आणि अप्रेझलच्या आधी पंधरा मिनिटं काढून कागदावर मांड: गेल्या तीन महिन्यांत चांगलं काम कुणाला दिलं, क्लायंटसमोर कुणाला उभं केलं, आणि यातला कोण किती दिवस ऑफिसात होता. डोळ्यांसमोर दिसतो त्याचंच नाव पहिलं आठवतं. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं, आणि भोगतो नागपूरवाला.

पावसाचं बघून पुन्हा भडकायला होतंय. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ती बदलापूर आणि वांगणीच्या मधेच, म्हणजे जिन्यातल्या त्या मुलीच्या दारात. तरी दर वर्षी पहिल्या रेड अलर्टला ग्रुपवर सकाळी आठ वाजता 'काय करायचं?' सुरू होतं, तोवर ही कुर्ल्याला पोचलेली असते. निर्णय एकाच माणसाने घ्यायचा, आदल्या रात्री नऊला. फेरविचार करायचाच तर सर्वात लांबून येणाऱ्याने घर सोडण्याच्या एक तास आधी, म्हणजे इथे पावणेसहाला. कुणाचाच मेसेज आला नाही तर घरूनच, हे आधीच ठरलेलं हवं.

वेळेचंही तेच. साडेनऊची सक्ती कशासाठी? २०२३ मध्ये मध्य रेल्वेनेच ऑफिसांना पत्रं लिहून वेळा बदला म्हणून सांगितलं होतं. किती जणांनी मनावर घेतलं ते सकाळच्या डोंबिवली स्टेशनवर जाऊन बघा.

एडिट: इनबॉक्समध्ये एक जण विचारतोय, 'मग त्या लीडने उद्यापासून करायचं काय?' उद्यापासून कशाला, आत्ताच कर. कॅलेंडर उघड. पुढच्या बुधवारी तुझ्या नावापुढे 'घरून' आहे ते खोड. टीममधले मुंबईतले जेवढे तेवढ्या सीटा शेजारी-शेजारी बुक कर, दुपारचे कॉल गुरुवारवर टाक. आणि तिला मेसेज कर की अकरापर्यंत आलीस तरी चालेल, सातची सोड, साडेआठची पकड.