आईचं नाव हे अमेरिकेचं खूळ नाही

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिच्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण पेटलं आहे. वाद दोन गोष्टींचा. लेकींच्या मुलाबाळांची नोंद घ्यायची की नाही, हा एक. दुसरा महाराष्ट्र सरकारच्या मार्च 2024 च्या निर्णयाचा: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. पुण्याच्या काकांनी दोन्ही प्रश्न एका फटक्यात निकालात काढले. ‘हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे. घराणं बापावरूनच चालतं.’ त्याखाली भराभर अंगठे पडले.

घराणं कशावरून चालतं यावर काकांशी पूर्वीही भांडले आहे, पुढेही भांडेन. पण हे अमेरिकेतून आलं म्हणणं मला सहन होत नाही. मी साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत राहते. इथे अमेरिकेनं नेमकं उलटं केलं. ज्या लोकांत घर बाईचं होतं आणि नातं दोन्हीकडून मोजलं जात होतं, त्यांच्यावर बापाचं नाव आडनाव म्हणून लादलं. तेही फार जुनं नाही, माझ्या पणजीच्या काळातलं.

हे लोक म्हणजे इथले मूळचे रहिवासी, लकोटा. त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं घर म्हणजे टिपी. बायसन या म्हशीएवढ्या जनावराच्या डझनभर कातड्यांचा तंबू. कातडी कमावायची बाईनं, कापायची-शिवायची बाईनं, मुक्काम हलला की उतरवायचा आणि नव्या जागी उभा करायचा बाईनं, आणि मालकीही तिचीच. नवरा नकोसा झाला तर त्याचं सामान बाहेर ठेवलं की संसार मोडला. त्यासाठी कोर्ट लागत नव्हतं की पंचायत. काही घरांचा भाऊबंदांचा जथा एकत्र हिंडायचा, त्याला तिओश्पाये म्हणत. त्यात आईची बहीण ही आईच आणि बापाचा भाऊ हा बापच. माय मरो मावशी जगो म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. जावई आणि सासू एकमेकांशी थेट बोलत नसत, तेही आदरापोटी. माझी आजी सासऱ्यांसमोर तोंड उघडत नसे. इथे तो संकोच जावयानंही पाळायचा होता.

इथल्या संग्रहालयात काचेमागे एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगाची, कातडी खरवडायची एक खरवडणी आहे. काटकोनात वळलेली मूठ, वर्षानुवर्षं हाताच्या घामानं पिवळी पडलेली, एका बाजूला धातूचं पातं बांधलेलं. मुठीच्या पाठीवर ओळीनं बारीक ठिपके कोरले आहेत. कातडी कमावून झाली की ठिपका. पुरुष रणात शत्रूला हात लावल्याची मोजदाद चारचौघांत सांगत, तशी बाई आपल्या कामाची मोजदाद ठेवी, आणि तिला तसाच मान होता. साळिंदराचे काटे दातांनी चपटे करून, रंगवून त्यांचं भरतकाम करणाऱ्या बायका एकत्र जमत आणि कुणी किती पाळणे, किती झगे सजवले ते मोठ्यानं सांगत. मी त्या मुठीसमोर बराच वेळ उभी राहते. माझ्या आईनं जन्मभर जितकी वाळवणं घातली, लोणची मुरवली, बाळंतपणं काढली, त्यातल्या एकाचाही ठिपका कुलवृत्तांतात नाही. काकांच्या बँकेतल्या बढत्या मात्र सनावळीसह आहेत.

मला कुणी भाबडी समजू नये. एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असत. लकोटांचा पुढारी सिटिंग बुल, त्याच्या घरात दोघी सख्ख्या बहिणी नांदत होत्या. कातड्यांचा व्यापार वाढला तसा बायकांवरचा कामाचा बोजाही वाढला. स्वर्ग कुठेच नव्हता. पण बाईचं घर आणि तिचं नाव ही दोन्ही तिची होती. आडनाव हा प्रकारच नव्हता. बाप, आई, भाऊ, बहीण, प्रत्येकाचं नाव वेगळं.

मग वॉशिंग्टनचे कागद आले. सरकारनं लकोटांशी केलेल्या 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या करारात कलम 12 आहे: जमीन सोडायची असेल तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. बायकांची सही कुणी विचारलीच नाही. 1877 मध्ये लकोटांचे ब्लॅक हिल्स हे डोंगर घेताना तेवढ्या पुरुषांच्या सह्याही सरकारनं मिळवल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी. 1883 च्या नियमांनी सूर्यनृत्य, एकाहून जास्त बायका आणि मर्तिकाच्या वेळी घरातलं सगळं वाटून टाकण्याची रीत, सगळंच गुन्हा ठरवलं. 1889 च्या कायद्यानं त्यांचा मोठा प्रदेश तुकड्यांत फोडला आणि जमीन वाटायला काढली. कुटुंबप्रमुखाला 320 एकर, अठरा वर्षांवरच्या एकट्याला 160, लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर काही नाही. जिचा तंबू होता तीच बेघर झाली. 1890 मध्ये इंडियन खात्याचा आयुक्त थॉमस मॉर्गन यानं फर्मान काढलं की आडनावं लावा. कारण वारसाहक्काचा घोळ नको. पुढे 1903 नंतर चार्ल्स ईस्टमन या डकोटा डॉक्टरकडेच सू, म्हणजे लकोटा आणि डकोटा, लोकांच्या नावांची घडी बसवण्याचं काम दिलं. बापाच्या नावाचं इंग्रजी भाषांतर मुलांचं आडनाव झालं. आईचं नाव एक पिढी तोंडी राहिलं, पुढे कागदावर गळालं.

काका, खूळ हेच. ते खरंच अमेरिकेतून आलं असं म्हणायचं असेल तर हे म्हणा.

मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथे पाइन रिज आणि रोझबड या लकोटांच्या राखीव प्रदेशांतून माणसं येतात. एकदा एक म्हातारी इन्शुलिन घ्यायला आली. फोनवर इन्शुरन्सवाल्यांचा होल्ड चालू होता, म्हणून तिनं मला विचारलं, तुझी माणसं कोण. मी नेहमीचं उत्तर दिलं, वडील राजापूरकडचे. तिनं मान हलवली आणि विचारलं, आईची? मी सांगितलं, सांगलीची. आणि आईच्या आईची? तिथे माझी गाडी अडली. माझ्या आजीचं सासरचं नाव मला माहीत आहे. माहेरी तिला काय हाक मारत, कुठल्या गावची, हे मला माहीत नाही आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. ती बाई मात्र पाच पिढ्या मागे गेली, दोन्ही बाजूंनी, न अडखळता. कोण कुणाची बहीण, कोण वुंडेड नीला सैन्यानं केलेल्या कत्तलीतून वाचली, कोण फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरात गेली. इन्शुरन्सवाला बोलायला लागला तेव्हा मला राग आला.

फ्रेंच व्यापाऱ्यावरून आठवलं. फोर्ट लॅरमीजवळ जेम्स बोर्डोचं दुकान होतं. त्याची बायको लकोटांच्या ब्रूले शाखेतली, हुन्टकालुतावीन, प्रमुख स्विफ्ट बेअरची बहीण. 1854 मध्ये एका वाटसरूच्या गाईवरून तंटा झाला, लेफ्टनंट ग्रॅटन आणि त्याची तुकडी त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर मारली गेली. पुढच्या वर्षी जनरल हार्नीनं ब्लू वॉटर क्रीकवर लिटल थंडरच्या वस्तीवर हल्ला करून सूड घेतला आणि सुमारे 70 बायकामुलं कैद करून नेली. ब्लॅक हिल्समधल्या सर्वांत उंच शिखराला त्याच हार्नीचं नाव होतं, 2016 पर्यंत. 1857 मध्ये हुन्टकालुतावीनला मुलगी झाली, सुझन. त्या मुलीनं आईच्या माणसांकडून हे सगळं ऐकलं आणि डोक्यात ठेवलं.

सुझन बोर्डो बेटेल्यून उतारवयात हॉट स्प्रिंग्जच्या सैनिकांच्या आश्रमात राहायला आली. नवरा सैन्यात होता म्हणून. तिथे तिला जोसेफिन वॅगनर भेटली, लकोटांच्याच हंकपापा शाखेतली, वयानं बरीच लहान, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत शिकलेली. हिच्या नवऱ्यानं, तो फोर्ट येट्सला सुतारकाम करणारा शिपाई होता, सिटिंग बुलची शवपेटी बनवली होती. 1930 च्या दशकात या दोघी बसल्या. सुझन सांगे, जोसेफिन लिहून घेई. लढाया तर आल्याच, पण कोण कुणाच्या घरात दिली, कुणाची आजी कुठल्या जथ्यातली, व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या घरात गेलेल्या मुलींचं पुढे काय झालं, हे सगळं. गोऱ्या इतिहासकारांच्या चुका दाखवणं हा तर त्यांचा हेतूच होता. जोसेफिन 1943 मध्ये गेली, सुझन 1945 मध्ये. ते लिखाण पुस्तक म्हणून बाहेर यायला 1998 उजाडलं. पन्नास वर्षं दोन म्हाताऱ्यांचा कुलवृत्तांत कपाटात पडून होता. मी हॉट स्प्रिंग्जवरून जाते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या दोघी येतात, आमच्या समितीतले चार निवृत्त काकाही येतात, आणि मला समितीची लाज वाटते.

आणि आपल्याकडचं काय? नाशिकच्या पांडवलेणीत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. महाराष्ट्राचे राजे आईचं नाव लावत होते तेव्हा अमेरिका नावाचा देश नकाशावर नव्हता. हे मी ग्रुपवर लिहिलं. काका म्हणाले, तू तिकडे बसून आम्हाला इतिहास शिकवू नकोस.

ते मला लागलं. तिकडे म्हणजे कुठे? रॅपिड सिटी 1876 मध्ये वसली तेव्हा करारानं ही जमीन लकोटांची होती. आमच्या घराचं टायटल स्वच्छ आहे, हप्ते आम्ही कष्टानं फेडतो, आणि तरी त्या टायटलच्या मुळाशी काय आहे ते मला माहीत आहे. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं ब्लॅक हिल्सची भरपाई मंजूर केली, दहा कोटी डॉलरहून जास्त, आणि हे गरीब लोक ती आजतागायत घेत नाहीत, कारण त्यांना जमीन हवी आहे. एवढ्या हट्टानं आपलं म्हणावं असं माझ्याकडे काय आहे? राजापूरच्या घराच्या सातबाऱ्यावर भावांची नावं आहेत. हक्कसोडपत्रावर मीच सही केली, हसत केली, सगळ्याच बहिणी करतात. डेन्व्हरच्या गणपतीला सहा तास गाडी हाकत जाते तेव्हा तिथे मी दूरची, आणि घरच्या ग्रुपवर मी तिकडची.

इथे वुंडेड नीला एक कबर आहे. 29 डिसेंबर 1890 च्या कत्तलीनंतर चौथ्या दिवशी आईच्या प्रेताखाली एक तान्ही मुलगी जिवंत सापडली. जनरल कोल्बी नावाच्या अधिकाऱ्यानं तिला उचलून नेलं आणि त्याच्या बायकोनं, क्लारा बेविक कोल्बीनं, वाढवलं. क्लारा बायकांच्या मताधिकारासाठी वृत्तपत्र चालवणारी, चांगली बाई. मुलीला सगळे लॉस्ट बर्ड म्हणत. ती जन्मभर आपल्या माणसांना शोधत राहिली, 1920 मध्ये कॅलिफोर्नियात गेली. 1991 मध्ये लकोटांनी तिच्या अस्थी परत आणल्या. तिच्या आईचं नाव कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. तरीही त्यांनी तिला आपली म्हणून आणलं, कारण ती त्यांची लेक होती.

माझी मुलगी याच गावात जन्मली. कुलवृत्तांताच्या जुन्या आवृत्तीत माझ्या नावापुढे ‘विवाहित, अमेरिका’ एवढंच आहे आणि तिथे रेघ संपते. काकांच्या मते मुलीची नोंद तिच्या बापाच्या घराण्यात होईल. होऊ दे, तिथेही होऊ दे. समितीचा फॉर्म मी भरून पाठवला आहे. जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. त्यावर माझी मुलगी आहे, माझ्या बहिणींची मुलं आहेत, आईचं माहेरचं नाव आणि गाव आहे. आजीचं नाव आहे ते सासरचं, माहेरच्या नावाची जागा रिकामी ठेवली आहे. सांगलीकडच्या कुणाला ठाऊक असेल तर भरावं. काका, हा कागद जसाच्या तसा छापा. पानं वाढतात म्हणून काही गाळायचंच असेल तर माझी पदवी आणि अमेरिकेतला पत्ता गाळा.