बत्तीस औटं बारोदरसे

परवा परभणीच्या मोंढ्यात एका म्हाताऱ्याने मला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, विचारली. पंधरा-वीस माणसांसमोर. त्यात बरेचसे हमाल होते आणि एक माझा जुना विद्यार्थी. तो हसला नाही, तोंड फिरवून उभा राहिला. तेच जास्त लागलं.

हकीकत एवढीच. भावाची आणि माझी मिळून वर्षाची ज्वारी घ्यायची होती. साडेतीन क्विंटल, भाव 3,240. दुकानदाराच्या पोराने कॉम्प्युटरवर बोटं नाचवली, "अकरा हजार नऊशे सत्तर" म्हणाला आणि क्यूआर कोडची पाटी माझ्यापुढे सरकवली. मी मोबाइल काढला, रक्कम टाकली, पिनचे तीन आकडे दाबूनही झाले होते. तेवढ्यात मागच्या थप्पीवरून आवाज आला, "काय भावानं घ्यायलाव ज्वारी?"

पोत्यावर ऐंशीच्या पुढचे एक बाबा बसले होते. धोतर, पटका, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. नातवाने "इथंच बसा, हलू नका, आलोच" म्हणून त्यांना ठेवून दिलं होतं आणि बाबा खरोखर हलत नव्हते. तोंड तेवढं मोकळं होतं.

"बत्तीसशे चाळीस," पोरगा म्हणाला.

"आन् माल औट क्विंटल. मंग अकरा हजार तीनशे चाळीस व्हायलेत की. बत्तीस औटं बारोदरसे, म्हंजे एकशे बारा. बत्तीसशेचे झाले अकरा हजार दोनशे. चाळीसाचे एकशे चाळीस."

"बाबा, हे कॉम्प्युटर हाय," पोरगा समजुतीने म्हणाला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकल्यासवरल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "बाबा, सॉफ्टवेअरमध्ये हमाली-तोलाई धरलेली असेल."

"हमाली हमाल घेतो. कॉम्प्युटर कशाला घील? त्यानं पोतं उचललं का?"

पोराने कुरकुरत पुन्हा पाहिलं. भाव 3,420 टाकला होता. दोनाने आणि चाराने जागा बदलल्या होत्या, आणि मी, एम.एस्सी., त्या चुकीची वकिली करून बसलो होतो. माझ्याच खिशाविरुद्ध.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण नातू येईना, डोळ्यांना दिसेना, बाबांना दुसरा उद्योग नव्हता.

"सर, तुमी काय करता?"

"कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो."

"औटकी येती का?"

औट म्हणजे साडेतीन. संत देहाला 'औट हात' म्हणतात, तेवढ्यापुरती माझी त्याच्याशी ओळख. "आमच्या वेळी शाळेत नव्हती, बाबा."

"अडीचकी?"

"नाही."

"दिडकी?"

मी बिलाकडे बघायला लागलो.

"कॉम्प्युटरला येती का?"

"त्याला येते."

"मंग तुमी त्याला काय शिकविता?"

हमालांनी पोती खाली ठेवून हसून घेतलं. बाबा मात्र गंभीर. "तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, आन् वणीचं अर्धं. साडेतीन पीठं. त्यातली दोन साबूत आपल्या मराठवाड्यात. आन् मास्तरला साडेतीनचा पाढा न्हाई." 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. ज्याची परभणीतच बनली नाही, त्याने कुठे जावं?

मग त्यांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट ऐकवली. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा हाली रुपया लगेच गेला नाही. काही वर्षं हाली आणि कलदार, म्हणजे भारत सरकारचा रुपया, दोन्ही बाजारात होते. सात हालीला सहा कलदार. "बाप म्हनायचा, ज्याला सात-सहा जमंल त्यालाच बाजारला धाडीन." त्यात रुपया सोळा आण्यांचा. पुढे 1957 साली नवे पैसे आले आणि तो शंभर पैशांचा झाला. मग शेर-पायली जाऊन किलो आला. एवढं सगळं या माणसाने डोक्यातल्या डोक्यात बदलून घेतलं. माझा मोबाइल अपडेट झाला की मला दोन दिवस अलार्म सापडत नाही.

घरी येताना रिक्षात मी माझा बचाव तयार केला. म्हटलं, ही नुसती घोकंपट्टी. माझे वडीलही दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे. मी ओठ हलवायचो आणि आवाज धाकट्याचा यायचा. 'तेरा नवे सतरोदरसे' जन्मभर म्हणणाऱ्यालाही त्यातलं काही कळलेलं असेलच असं नाही. बचाव चांगला होता. पण म्हाताऱ्याने 3,240 चे बत्तीसशे आणि चाळीस असे दोन तुकडे केले होते, आणि ते कुठल्या पाढ्यात नसतं. तिथे कळावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सगळे निम्मे आणि पाव. कॉम्प्युटर आकडे बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून दोनाच्या घातांत मांडतो, म्हणून नेमके हेच अपूर्णांक त्याला तंतोतंत जमतात. औट म्हणजे बायनरीत 11.1, बस्स. उलट 0.1 आणि 0.2 मिळवायला सांगा, बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत 0.30000000000000004 असं उत्तर येतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, असं वर सांगतो. पोरं ते लिहून घेतात. आणि मोंढ्यात मीच डोळे मिटून उभा होतो. ज्यांचे डोळे डॉक्टरांनी झाकले होते त्यांना दिसलं.

तीन हजाराच्या वर थोडा भाव, साडेतीन क्विंटल माल. साडेदहा हजार आणि वर थोडं, एवढा अंदाज तरी यायला हवा होता की नाही? बारा हजार ऐकून कुठेतरी टोचायला हवं होतं. टोचत नाही आता. पडद्यावर आलेला आकडा मला सातबाऱ्यासारखा वाटतो. गेल्या वर्षी आमच्या गुणतक्त्यात एका पोराला शंभरपैकी एकशे चार पडले होते, आणि त्याखाली तिघांच्या सह्या होत्या. पहिली माझी. चौकशी लागली तेव्हा आम्ही तिघांनीही एकच उत्तर दिलं: एक्सेलने काढलंय.

दुकानदाराचा पोरगा चुकलं म्हणाला नाही. "सिस्टिमचा प्रॉब्लेम झाला, सर," म्हणाला. सिस्टिम बिचारी काय बोलणार? मग बिल दुरुस्त करताना त्याने सहज विचारलं, "अकरा हजार साडेतीनशे करू का? राऊंड फिगर."

"वरचे दहा कशाचे?"

"सुट्टे नाहीत ना, सर."

मी मोबाइलवरून देत होतो. मोबाइलवरून. त्याला सुट्टे कशाला लागतात, हे माझ्या लक्षात रिक्षात बसल्यावर आलं. तोवर 11,350 गेले होते. पाठवले तेव्हा थप्पीवरून बाबा नुसते खोकले होते.