घटनेत कुठं लिहिलंय दाखव

आज सकाळी नाशिकच्या गोदापार्कला फिरून झाल्यावर चहाच्या टपरीवर एकाने डोकंच फिरवलं. म्हणे राज्यघटनेत जे छापलंय तेवढंच वाचायचं, अक्षर न् अक्षर, १९५० ला होतं तसं. "प्रायव्हसी हा शब्द दाखव ना कुठाय!" नाहीये, माहितीये मला.

पण मला एकदम पंचवटीतली खोली आठवली. १९९६, नवी नोकरी. आईची इनलँड पत्रं मालकीणबाई उघडून वाचायच्या आणि परत चिकटवायच्या, कळलं कसं तर कडेला भाताचं वाळलेलं शीत. नखाने खरवडलं मी ते. विचारलं तर म्हणाल्या, "करारात कुठं लिहिलंय पत्र उघडायचं नाही म्हणून?"

नव्हतंच लिहिलेलं. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत हे होतं, पाण्याची मोटार किती वाजता लावायची हे होतं. पत्राचं काय लिहिणार, असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याच्या मनात तरी आलं असेल का?

कलम २१ घ्या. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित, व्यक्तिस्वातंत्र्य हिरावता येणार नाही, बस एवढंच. १९५० ला, खटला न चालवता डांबून ठेवलेल्या कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने ते असंच शब्दाला धरून वाचलं, कायदा आहे ना, पद्धत पाळली ना, मग ती न्याय्य आहे का ते विचारायचं नाही. पद्धतही न्याय्य आणि वाजवी हवी हे ठामपणे यायला १९७८ उजाडलं, मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने जप्त केला होता ती केस. २८ वर्षं!! आणि २०१७ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्याच कलमाचा एक शब्द न बदलता.

हो, मान्य, वाट्टेल तो अर्थ काढत बसलो तर जज म्हणेल ती पूर्व दिशा होईल. तेवढं पटतं. पण म्हणून शीत लावून चिकटवलेलं पत्र मुकाट घ्यायचं?

त्या खोलीवरून ऑफिसला जाताना काळाराम मंदिर लागायचं. बाबासाहेबांनी १९३० ला सत्याग्रह केला ते. त्या माणसाने घटनेचा मसुदा करताना आपल्या खिशातला मोबाईल कुठून लिहायचा होता हो?

असो. चिडून लिहायला बसले आणि आता आईच आठवतेय. दुसरी खोली परवडत नव्हती, सात महिने तिथंच काढले. आईला ऑफिसच्या पत्त्यावर लिही म्हणून कळवलं, कारण नाही सांगितलं. तेव्हापासून तिची पत्रं चार ओळींची यायला लागली, ऑफिसात कुणी वाचलं तर म्हणून.