धरणाच्या काठावर रात्रपाळीची शेती

नवापूर तालुक्यात, गुजरातमधल्या उकाई धरणाच्या फुगवट्याला लागून शेती असलेल्या माणसाने मध्यरात्री हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोटार सुरू करायला जावे, यात कोणालाच वावगे कसे वाटत नाही? शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज वीज मिळते, असे कागद सांगतो. दिवसाच्या आठ तासांतून ट्रिपिंग, देखभाल आणि न सापडणारे बिघाड वजा केले, तर वाफ्याच्या शेवटापर्यंत पाणी पोहोचण्याइतकाही वेळ उरत नाही. रात्रीची वीज मात्र न चुकता येते, कारण त्या वेळी ती दुसऱ्या कोणाला नको असते. बिबट्या आणि साप बाहेर पडण्याची वेळही तीच.

चीड येते ती समोरचे पाणी पाहून. तापीवरचे हे धरण 1972 मध्ये उभे राहिले. मातीचा भराव आणि दगडी बांधकाम मिळून त्याची लांबी जवळजवळ पाच किलोमीटर, उंची सुमारे 80 मीटर, आणि पायथ्याशी 75 मेगावॉटचे चार संच. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 345 फूट ठरली, त्यासाठी आमच्या तालुक्यातील गावे आणि नदीकाठची काळी जमीन बुडाली. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो, म्हणून संध्याकाळी मागणी वाढली की त्याचा मोठा आधार असतो. त्याच संध्याकाळी आमच्या वस्तीवरचा दिवा मिणमिणत असतो.

यावर नेहमीचे उत्तर असे, की ती वीज गुजरातची आहे. असू द्या. धरण त्यांच्या हद्दीत आहे, हे आम्हालाही कळते आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु आमच्या गावातील लोंबकळणाऱ्या तारा, वाकलेले खांब आणि क्षमतेपेक्षा जास्त मोटारी लादलेली डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, गुजरातने बसवलेली नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, पाइप वाढवावे लागतात आणि पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, फुटव्हॉल्व्ह, गाळात रुतते. तेवढे आम्ही निस्तरतो, कारण पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसणाऱ्याला ते चुकत नाही. डीपी जळाली की ती ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला नेण्याचे भाडेही आम्हीच वर्गणी काढून का द्यायचे? गेल्या उन्हाळ्यात ऐन भुईमुगाच्या शेंगा भरताना ती जळाली आणि दुसरी मिळेपर्यंत पीक करपले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीज मोफत झाल्याने तक्रार करण्याचीही सोय उरलेली नाही, कारण कार्यालयात पाऊल टाकताच “फुकट मिळते आहे ना, मग थांबा थोडे” असे ऐकवले जाते. बिल माफ करा, असे मी कधीच म्हटले नव्हते. दिवसा, पूर्ण दाबाने वीज द्या, एवढेच म्हणत होतो आणि त्यासाठी बिल भरायला आजही तयार आहे.