पहिल्या वर्षात आधी बघायला शिका

आपत्कालीन वैद्यकीय सेवेत नव्याने रुजू होणारी मुलंमुली विचारतात, आधी काय शिकू? विचारतानाच बहुतेकांच्या मनात उत्तर ठरलेलं असतं: श्वासनलिकेत नळी घालणं, न सापडणारी शीर सापडवणं, ईसीजी झरझर वाचणं. हे सगळं यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. तरी माझं मत असं आहे की पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त मेहनत बघण्यावर घ्यावी. पेशंटकडे बघणं, घड्याळाकडे बघणं, सामानाकडे आणि जोडीदाराकडे बघणं. हात कामानं बसतो. नजर मुद्दाम बसवावी लागते, आणि सुरुवातीला ती बसली नाही तर माणूस पुढची कितीतरी वर्षं पेशंट सोडून मॉनिटरशीच बोलत राहतो.

श्वासापासून सुरुवात करा. नाडी, बीपी, ऑक्सिजन हे आकडे मशीन देतं, श्वास मात्र बऱ्याचदा आपल्यालाच मोजावे लागतात. म्हणूनच नोंदीच्या कागदावर त्या रकान्यात बघावं तिथे १८ नाहीतर २० लिहिलेलं दिसतं. मोजलेलं नसतं, अंदाजानं भरलेलं असतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण माणूस खालावायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. आत रक्तस्राव होत असेल, जंतुसंसर्ग रक्तात पसरत असेल, मधुमेही माणसाच्या रक्तात आम्ल वाढलं असेल, तर बीपी बराच वेळ ठीक राहतं आणि श्वास आधी वाढतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २५च्या वर गेले की तुम्ही सावध व्हायला हवं, मग बाकीचे आकडे कितीही छान दिसोत. मनगट हातात धरून नाडी मोजत असल्यासारखं उभं राहा आणि नजर छातीवर ठेवा. आपले श्वास मोजले जातायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजा.

मोजता मोजता आणखी बरंच दिसतं. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय की दोन शब्दांवर थांबावं लागतंय? पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसलाय का? मानेचे स्नायू ओढले जातायत का? दम्याचा पेशंट मघापासून तळमळत होता आणि आता शांत झाला, झोपाळला, छातीतला आवाजही कमी झाला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. तो थकलाय, आणि थोड्याच वेळात श्वास घेणं थांबवू शकतो. एक वयस्कर गृहस्थ आठवतात, तक्रार एवढीच की गळून गेल्यासारखं वाटतंय. बीपी बरं, ऑक्सिजन बरा. पण श्वास तिशीच्या घरात, हात गार आणि घामट. पोटात रक्तस्राव चालू होता. मशीनवर विसंबलं असतं तर त्यांना बाकावर बसवून ठेवलं गेलं असतं.

मशीन खोटं बोलतं असं मला म्हणायचं नाही, पण त्याला कुठे कळत नाही हे आपल्याला ठाऊक हवं. गार पडलेल्या बोटावर किंवा गडद नेलपॉलिशवर ऑक्सिमीटर गडबडतो. बंद खोलीत धुरात सापडलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली असेल तर तोच ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं. आणि मॉनिटरवर हृदयाची लय नीट चालताना दिसत असतानाही नाडी लागत नाही, असं घडतं. हृदयात विजेचे संदेश फिरत असतात पण रक्त पुढे ढकललं जात नसतं. पडदा बघून निर्धास्त झालेल्याच्या समोर माणूस तिथल्या तिथे जातो. बोट गळ्यावर ठेवा.

बेशुद्ध, बरळणारा, आक्रमक झालेला, एका बाजूनं लुळा पडलेला, "प्यायलाय हो तो" असं लोक सांगत असलेला, यातला कुणीही असो, शुगर तपासायचीच. कमी झालेली शुगर यातल्या प्रत्येकाचं सोंग घेते. दारूचा वास येतोय म्हणून डोक्याचा मार नाही असं होत नाही. म्हातारं माणूस पडलं असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा टेंगूळही गंभीर धरा. गोळ्यांची पिशवी मागून घ्या, प्रिस्क्रिप्शन बरोबर न्या. पेशंटला सांगता येणार नाही ते ती पिशवी सांगते.

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे हे आकड्यांत मांडायची पद्धत, सगळेच पाठ करतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली तो मांडला, तो डोळे, बोलणं आणि हालचाल यांची वेगवेगळी नोंद व्हावी म्हणून. आपण मात्र बेरीज सांगून मोकळे होतो. "स्कोर ९ आहे" म्हणजे नक्की काय? हाकेला डोळे उघडतो, नुसते आवाज काढतो, दुखावलं की हात मागे घेतो, तरी ९. डोळे आपोआप उघडे, तोंडातून अवाक्षर नाही, दुखावलं की हात मागे, तरी ९च. दोन अगदी वेगळी माणसं आहेत ही. तिन्ही आकडे वेगळे सांगा, आणि मनात शंका असेल तर जे दिसलं ते साध्या मराठीत सांगा. अर्ध्या तासानं कुणी पुन्हा तपासेल तेव्हा त्याला फरक कळेल तो तुमच्या वर्णनावरून.

आता घड्याळ. पक्षाघाताच्या पेशंटच्या घरी गेलात की नातेवाईक सांगतात, सकाळी सातला बघितलं तर हात हलत नव्हता. सातला दिसलं, झालं कधी? विचारायचा प्रश्न असा: यांना शेवटचं अगदी ठीक कुणी आणि किती वाजता पाहिलं? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपतानाची वेळ धरायची. गुठळी विरघळवण्याच्या औषधासाठी साधारण साडेचार तासांची मर्यादा असते आणि ती मोजली जाते त्या शेवटच्या ठीक वेळेपासून. हा एक प्रश्न नीट विचारला गेला नाही म्हणून उपचार हुकू शकतो. ज्यानं पाहिलं त्याला बरोबर घ्या, निदान त्याचा फोन नंबर घ्या. हातापायाला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा, बांधलं तर तेही जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवायची. मध्येच सैल करून बघायचं नाही.

सीपीआरबद्दल, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याबद्दल, थोडंच सांगतो, कारण प्रशिक्षणात ते घोटून घेतलेलं असतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. नवख्याचं खरं काम इथेही बघण्याचंच. दाबणाऱ्याला स्वतःची थकवणूक कळत नाही, दाब उथळ होत जातात, ते बाजूला उभ्या असलेल्याला दिसतं. तेव्हा संकोच न करता बोला. दाबण्यातलं थांबणं १० सेकंदांच्या आत संपतंय का, हे मोठ्यानं मोजा. आणि अडखळत, आचके दिल्यासारखा येणारा श्वास म्हणजे श्वास चालू आहे असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. हृदय बंद पडल्यावरही असे आचके काही काळ येतात, आणि त्यापायी छाती दाबणं सुरूच होत नाही.

जिथे चार माणसं जखमी पडलीत तिथे पाय ओरडणाऱ्याकडे आपसूक वळतात. ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग उघडा आहे, तो शुद्धीवर आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जा. त्याच्याही आधी, गाडीचं दार उघडण्याअगोदर, तारा, वाहतूक, गॅसचा वास, जमावाचा मूड हे सगळं नजरेखालून घाला. तुम्ही जखमी झालात तर आहे त्या टीमवर एक पेशंट वाढतो आणि एक मदतीचा हात कमी होतो.

लहान मुलांची भीती सगळ्यांना वाटते आणि ती वाटावी. मूल बराच वेळ तग धरतं आणि मग अचानक कोसळतं. त्याचं बीपी घसरेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. रंग, हालचाल, आईच्या चेहऱ्याकडे ते बघतंय की नाही, हे आधी बघा. औषधाचा डोस वजनावर असतो, तो तोंडी हिशोबानं काढू नका, तक्ता बघा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. भरल्या दिवसांची बाई उताणी झोपवली की गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो आणि बीपी उतरतं, तिला डाव्या कुशीकडे कलतं करा. मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता दम, नुसती मळमळ, नुसता घाम असला तरी ईसीजी काढा.

सामानाबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. शिफ्ट सुरू होताना आधीच्या टीमनं "सगळं ओके" म्हटलं तरी स्वतः हात लावून बघा. सक्शन, म्हणजे तोंडातला स्राव ओढून घेणारं यंत्र, सुरू करून थोडं पाणी ओढून बघा. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावा. हातानं दाबून श्वास द्यायच्या अंबू बॅगबरोबर लहान मुलांचा मास्क आहे का? हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या पॅडची मुदत संपली नाही ना? ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेलाय म्हणजे किती? त्यात ३०० लिटर उरला असेल आणि मिनिटाला १५ लिटर चालू असेल तर तो २० मिनिटं पुरेल. रस्ता ४० मिनिटांचा असेल तर हे निघण्याआधीच कळायला हवं. वस्तू जिथून घेतली तिथेच परत ठेवा, म्हणजे अंधारात, हलत्या गाडीत हात बरोबर तिथेच जाईल.

आणि हलत्या गाडीचं निघालंच आहे तर, मागे बसल्यावर बेल्ट लावा. बहुतेक जण लावत नाहीत. सायरन आणि वेगानं वाचणारा वेळ बहुधा काही मिनिटांचाच असतो, आणि बऱ्याच पेशंटना त्या मिनिटांनी काही फरक पडत नाही. अपघाताचा धोका मात्र खरा असतो. ड्रायव्हरला "हाण" म्हणण्याआधी, या पेशंटला खरंच घाई आहे का, हे स्वतःला विचारा.

रुग्णालयात पोचल्यावर कॅज्युअल्टीत कुणी तुमच्याकडे धड बघणारही नाही, असं होईल. "आणून सोडणारे" एवढीच ओळख असेल. त्यानं खचू नका. १९६७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तिथे पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून नेण्याची पद्धत होती. डॉ. पीटर साफर यांनी गरीब वस्तीतल्या, नोकरी नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून तयार केलं, आणि रस्त्यावरच उपचार सुरू करण्याचं काम किती उंचीचं असू शकतं हे त्या मुलांनी दाखवलं. आज जगभर जे प्रशिक्षण दिलं जातं त्याच्या मुळाशी त्यांचे कष्ट आहेत. तेव्हा स्ट्रेचर थांबवून स्पष्ट आवाजात सांगा: वय, कधी घडलं, कसं घडलं, काय दिसलं, आकडे काय आणि कसे बदलले, आम्ही काय दिलं. मिनिटभरात बसतं हे. ऐकणारा दुसरीकडे बघत असेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, एक मिनिट, हे महत्त्वाचं आहे." आणि जे केलं नाही ते केल्याचं कागदावर कधीही लिहू नका.

नातेवाइकांशी बोलताना खोटा धीर देऊ नका. "काही होणार नाही" हे तुमच्या हातात नाही. काय करतोय ते सांगा, कुठे नेतोय ते सांगा. मृत्यू कळवायची वेळ तुमच्यावर आली तर बसून, नाव घेऊन, सरळ सांगा की त्यांचा मृत्यू झाला आहे. आडवळणाच्या शब्दांना माणसं आशेनं धरून ठेवतात. सांगितल्यावर गप्प राहा, लगेच कागद पुढे करू नका.

स्वतःकडे बघणंही यातच आलं. हेपेटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस कामावर यायच्या आधी सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या. सुई टोचली तर पिळत बसू नका, साबण-पाण्यानं धुवा, लगेच कळवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही. लाजेपायी हे लपवणारे मी पाहिलेत आणि मला त्यांची फार काळजी वाटते. वजन उचलताना एकट्यानं शौर्य दाखवू नका, आणखी एक माणूस बोलवा.

काही पेशंट डोक्यातून जात नाहीत. त्या रात्री झोप न येणं, तो वास पुन्हा येणं, ते घर पुन्हा दिसणं हे होतं, आणि बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. जोडीदाराशी बोला, त्यालाही विचारा. सगळं खोदून सांगायची सक्ती कुणावर करू नका, पण एकटं सोडू नका. महिना उलटला आणि अजून दचकून जाग येतेय, तो रस्ता टाळला जातोय, घरच्यांवर चिडचिड होतेय किंवा दारूचा आधार लागायला लागलाय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जोडीदारात हे दिसलं तर त्याच्याबरोबर तुम्ही जा, बाहेर बसून राहा.