जाळी लावलीत, पण चर कोण उपसणार?

दरड कोसळली की दोन दिवस फोटो फिरतात आणि 'निसर्गाचा कोप' म्हणून सगळे मोकळे होतात. अहो, पण तो डोंगर उभा कापला कोणी? रस्त्यासाठी नाहीतर रुळांसाठी आपणच ना! सुरुंगांनी खडक खिळखिळा झाला, फटींत पाणी शिरलं, थंड मुलखात त्याचा बर्फ होऊन फटी रुंदावल्या, कुठे झाडांची मुळं घुसली. दगड सुटतो एका क्षणात, तयारी मात्र कित्येक वर्षं चालू असते. जाणकार माणूस नियमित कडा तपासत असेल तर बरेचदा ती दिसतेसुद्धा.

पण तपासणीचं उद्घाटन करता येत नाही, जाळीचं येतं.

माझा जाळीला विरोध नाही. फक्त कड्यावरून मोकळी सोडलेली जाळी दगड धरून ठेवायला नसतेच मुळी. दगड उसळून रस्त्यावर न येता डोंगराला घासत खाली यावा, एवढंच तिचं काम. खाली म्हणजे पायथ्याच्या चरात. आणि तो चर आधीच्या पडझडीनं काठोकाठ भरलेला! मग दगड तिथे थांबत नाही, त्या ढिगावरून थेट रस्त्यावर येतो. या चरामागे शास्त्र आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रिची नावाच्या भूशास्त्रज्ञानं उतारांवरून खरोखरचे दगड लोटून पाहिले आणि कड्याची उंची व उतार यांनुसार चर किती रुंद, किती खोल हवा हे १९६३ मध्ये मांडलं. चर उपसायला जेसीबी पुरतो.

अडवणारं लवचीक कुंपण वेगळं. एक टनाचा दगड ३० मीटरवरून सरळ पडला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो, ऊर्जा जवळपास ३०० किलोज्यूल. चांगलं कुंपण याच्या कैक पट झेलतं, पण मोठा दणका बसला की त्याचे ताणले गेलेले भाग बदलावे लागतात. ते बदलायची तरतूद कुठल्या अंदाजपत्रकात असते?

सगळ्यात संताप येतो तो वाहनं थांबवण्याच्या जागेचा. १०० मीटरचा धोक्याचा टप्पा ताशी ३६ किलोमीटरनं गेलात तर १० सेकंदांत पार होतो. त्याच कड्याखाली अर्धा तास अडकलात तर धोक्यात घालवलेला वेळ १८० पट. तरीही दरड पडली की गाड्यांची रांग नेमकी त्याच कड्याखाली लागते, बसमधले लोक पाय मोकळे करायला उतरतात, व्हिडिओ काढतात. रस्ता अडवायचाच आहे, तर तो दोन वळणं अलीकडे अडवायला असा काय खर्च येतो?