जनगणनेचा आकडा फॉरवर्ड कसा करावा

‘दहा वर्षांत नागपूर सव्वादोन पट!’ हा मेसेज कालपासून सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा येऊन पडला. वर नऊ अंगठे. असं गणित आपल्यालाही जमावं, म्हणून ही कृती.

आधी २००१ ची शहराची लोकसंख्या घ्या, २०,५२,०६६. मग २०११ चा आकडा शोधा. शहराचा नको हं, तो २४,०५,६६५ आहे, त्यात वाढ निघते सतरा टक्के. एवढ्याने कोण घाबरणार? जिल्ह्याचा उचला, ४६,५३,५७०. नाव दोन्हीकडे ‘नागपूर’च. झाली १२७ टक्के वाढ! नरखेडच्या संत्र्याच्या बागेतला माणूस, रामटेकचा, उमरेडचा, कामठीचा, सगळे एका वजाबाकीत सीताबर्डीच्या गर्दीत उभे. नावापुढे ‘जिल्हा’ आहे की ‘म.न.पा.’ हे वाचायला दोन सेकंद लागतात, पण तेवढ्यात दुसरा कोणी फॉरवर्ड करून टाकेल ना! शिवाय हुडकेश्वर-नरसाळा २०११ नंतर महापालिकेत आलेत. हद्द वाढली हे सांगूच नका, पुढच्या मोजणीत तिथली माणसं ‘वाढलेली’ म्हणून कामी येतील.

दशकाचा दर वर्षाचा म्हणून ठोका.

‘ताजी जनगणना’ असंच लिहा. २०११ नंतर गणना झालेलीच नाही आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, हे कोण बघतं?

साक्षरतेत पाळण्यातली बाळंही धरा. सात वर्षांखालची मुलं छेदात घेत नाहीत म्हणे.

रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे तिथे मुली जपतात, असं बिनधास्त सांगा. कर्ते पुरुष मुंबईला गेलेत, ते सोडा. मुलींसाठी ० ते ६ वयोगटाचा वेगळा तक्ता असतो, तोही सोडा.

शेवटी ‘बाहेरच्यांनी शहर भरलं’ हे जोडा आणि...

नाही, पुरे. तक्ता उघडलाच नाही तुम्ही. जिल्ह्याला जिल्हा लावला असता तर ४०,६७,६३७ वरून १४.४ टक्के वाढ दिसली असती, राज्याच्या १६ टक्क्यांहून कमी. स्थलांतराचे तक्ते पाहिले असते, तर बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न, हे कळलं असतं. ज्या ‘बाहेरच्यां’वर बोट ठेवता, त्यांच्यात तुमची भंडाऱ्याहून आलेली सून मोजलेली असते. आणि जन्मस्थळाच्या तक्त्यात, तिच्या माहेरी जन्मून सव्वा महिन्यात इथे आणलेला तुमचा नातूसुद्धा.